नीलू कुठली?

परीक्षांचे दिवस आले की आमच्या गल्लीत दोन आवाज एकमेकांवर चढतात. एक यंत्रमागांचा, तो बारमाही. दुसरा गच्चीवर फेऱ्या मारत पाठ करणाऱ्या पोरापोरींचा. मागांच्या खडखडाटात आपलं पाठांतर आपल्यालाच ऐकू यायचं तर ओरडावं लागतं, त्यामुळे कुणाची कोणती व्याख्या कच्ची आहे हे अख्ख्या गल्लीला ठाऊक असतं. खाली कडुनिंबाचा मोहोर गळत असतो, माठाला ओलं फडकं गुंडाळलेलं असतं आणि ऊन असं की वाळत घातलेल्या टॉवेलचं दुसरं टोक पसरेपर्यंत पहिलं वाळलेलं असतं. बाहेरगावचे लोक मार्चमध्ये फोन करून विचारतात, उन्हाळा सुरू झाला का. सोलापुरात उन्हाळा सुरू होत नाही. तो मधूनमधून जरा सरकून बसतो, इतकंच.

यंदा मी गच्चीवर कपडे काढायला गेले, तर शेजारच्या गच्चीवर दहावीच्या दोघी पुस्तकात मोबाईल ठेवून काहीतरी बघत होत्या. आठवड्याचा वीज बंदचा दिवस होता, माग थांबलेले होते, म्हणून मोबाईलमधला शब्द न् शब्द ऐकू आला. एक बाई धुऊन इस्त्री केलेल्या मराठीत म्हणाली, "मी येथील रहिवासी आहे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या वाक्याची जागा मला पाठ होती, कारण ती जागा आम्ही एकदा रिकामी सोडली होती.

एका कार्टूनच्या वाक्यावरून एवढं तापण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. माझ्या आईला अजून वाटतं.

ती मालिका परदेशातली. पुढच्या कुठल्याशा शतकात माणसं अंतराळात वस्त्या करून राहतात, आणि नीलू नावाची मुलगी एका जुनाट यानात दुरुस्तीची कामं करते. लहानपणापासून अशा मालिका मी ढिगाने पाहिल्या होत्या. त्या अंतराळात गोरे असायचे, निळे असायचे, हिरवे, तीन डोळ्यांचे, शेपटीवालेही असायचे. सावळं कुणी नसायचं. म्हणजे माणूस पार ताऱ्यांपर्यंत पोचला आणि आमच्यातलं कुणी निघालंच नाही, असा त्याचा अर्थ. त्यामुळे नीलू आली, तेव्हा तिचा रंग बघून मी पहिला भाग परत मागे नेऊन पाहिला. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा रंग. जाड वेणी, डोक्यावरून घेतलेलं कापड, तुटक बोलणं. ती कोणत्या देशाची हे बनवणाऱ्यांनी मुद्दामच सांगितलेलं नव्हतं.

न सांगितलेलं हुडकायला जग टपलेलंच असतं. इंटरनेटवर कुणी म्हणे ती लंकेतली, कुणी म्हणे बंगालची, कुणी तिला समुद्रापलीकडच्या डोंगरातली ठरवलं. वेणीचे पेड मोजले, नाकाची मापं काढली. आम्ही सोलापुरात बसून हसायचो. आमच्याही घरापर्यंत हे येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आम्ही म्हणजे तिघं. मी रेणुका, घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्हीची भेळ. माझा चुलतभाऊ श्रीनू, माझ्यापेक्षा वर्षाने लहान आणि कॉम्प्युटरच्या कोर्सला. आणि नाझनीन, पाचवीपासून माझ्या बाकावर बसणारी. तिच्या घरात दखनी चालायची. वडिलांचा टेम्पो होता, आमच्याच भागातल्या चादरींचे गठ्ठे वाहायचा. तिची खाला, म्हणजे मावशी, मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, माझी आईही भरायची. नाझनीन दारात आली की आई ठरलेलं वाक्य म्हणायची, "ये की, दारात काय उभारलीस?" आणि ती चपला काढता काढताच स्वयंपाकघरात काय आहे त्याचा वास घ्यायची.

नीलूला मराठीत बोलवायचं डोकं श्रीनूचं. त्याने सोलापूर, बार्शी, अक्कलकोटकडच्या चाहत्यांचा एक ग्रुप जमवला होता. दर आठवड्याला नवा भाग आला की तो वाक्यं मराठीत लिहायचा आणि आम्ही ती बोलायचो. बोलायची सोय मात्र फक्त वीज बंदच्या दिवशी. एरवी मागांच्या आवाजात यान कुठलं आणि माग कुठला कळलं नसतं. त्या दिवशी गल्ली गप्प असायची. आम्ही आमच्या घरालगतच्या मागाच्या शेडमध्ये चादरींच्या गठ्ठ्यांमागे बसायचो, आणि ज्याचं वाक्य असेल त्याने डोक्यावरून दोन जाड चादरी पांघरून आत रेकॉर्डिंगला मोबाईल धरायचा. मार्च महिना, पंखा बंद, वर सोलापुरी चादर. आतून बाहेर आलेलं माणूस नुकतंच विहिरीतून काढल्यासारखं दिसायचं. रमजान त्याच दिवसांत आला, तेव्हा नाझनीन रोजे धरून हे सगळं करायची. तिच्यासमोर पाणी प्यायला मला जमायचं नाही, आणि मी पीत नाही म्हणून ती चिडायची.

नीलू ती करायची. मी यंत्रांचे आवाज काढायची, कारण माझा आवाज मुळात कोरडा आहे.

नाझनीनचा आवाज शाळेत सगळ्यांना आवडायचा, पण वक्तृत्वाला तिला कधी कुणी उभं केलं नाही. आवाज छान आहे, उच्चार जरा वेगळे पडतात, असं बाई मायेनेच म्हणायच्या. फोनवर बँकेतली माणसं विचारायची, तुम्ही कुठल्या? ती म्हणायची सोलापूर. ते म्हणायचे, तसं नाही, मूळच्या कुठल्या? एकदा शेडमध्ये घाम पुसता पुसता ती म्हणाली, "नीलूला कुणी विचारत नाही बघ, असं का बोलायलीस म्हणून. ती बोलते तशी बोलते." तिच्यासाठी ते कार्टून नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणी न टोकता बोलत होती.

मग ती गाठ आली. एका भागात यानातली तार तुटते आणि नीलू ती जोडते. तुटलेली दोन टोकं ती अंगठ्यावर एकावर एक धरते, बोटाने वळसा देते, ओढते आणि उरलेलं शेपूट दाताने तोडते. आमच्या घरी हे बघून आई हातातलं काम टाकून पुढे आली. मागावर तुटलेला धागा सांधायची गाठ ती. तिकडे कुणा चित्रकाराने ती कुठे पाहिली असेल, देव जाणे. श्रीनूने तेवढा तुकडा सावकाश करून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, नीलू विणकराची आहे, नीलू आपली आहे. मलाही छाती फुगल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू. जगभर ज्या पोरीचं गाव सापडत नव्हतं, ते आमच्या शेडमध्ये सापडलं होतं.

'आपली' म्हणजे कुणाची, एवढं मात्र त्यात राहून गेलं. सोलापुरात ही गाठ एका घरची नाही. आमच्यासारख्या तेलुगू पद्मशाली घरांत आहे, मुसलमान विणकरांच्या मोमीन घरांत आहे, मागावर कामाला गेलेल्या मराठी आणि कानडी घरांतही आहे. नाझनीनची खाला ती डोळे मिटून मारायची. पण ग्रुपवर जो तो आपल्या चौकटीतून बघायला लागला. कुणी नीलूच्या कपाळावर कुंकू काढून चित्र टाकलं. तासाभरात कुणी डोक्यावरच्या कापडावर चंद्रकोर काढली. एकाने लिहिलं ती नीलवेणी, दुसऱ्याने निलोफर, अक्कलकोटकडून तिसऱ्याने नीलम्मा. पहिले दोन दिवस थट्टेत गेले. मी लिहिलं की बाबांनो, गाठ सगळ्यांची आहे, हवं तर आमच्या आईला आणि नाझनीनच्या खालाला शेजारी बसवून दाखवते. त्याखाली लगेच पुढचं भांडण सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी बार्शीच्या एकाने सरळ विचारलं, नीलू विणकराची आहे, तर तिला असला आवाज का? असला म्हणजे कसला, हे त्याने लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती. मग बांध फुटला. नाझनीनने मुद्दाम नीलूला तिकडची केली म्हणून एक बाजू. आपल्या पोरीला बाजूला सारायलेत, सोडू नकोस म्हणून दुसरी बाजू. ती बाजूही तिला विचारून बोलत नव्हती. कुणीतरी लिहिलं, ही राहते तरी कुठल्या गल्लीत?

आमचे पेपर तोंडावर आले होते. आम्ही दोघी एकाच कॉलेजला, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. नाझनीनच्या अब्बांनी तिला बोल लावला नाही. फक्त पेपर होईपर्यंत टेम्पोने कॉलेजला सोडायचं आणि आणायचं ठरवलं. रोज चालत जाणाऱ्या पोरीला टेम्पोतून उतरताना बघून मला जे वाटायचं, त्याला रागच म्हणतात. वर्गात कोण कोण त्या ग्रुपवर आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यामुळे प्रत्येक चेहरा तोच वाटायचा. ती जिन्याने वर येताना कुणी मागून हसलं तरी आम्ही दोघी वळायचो नाही.

मला खरा प्रश्न पडायचा तो हा: जी पोरगी कुठली हे तिला बनवणाऱ्यांनीही सांगितलेलं नाही, तिच्यासाठी लोक एवढा जीव टाकतात, आणि जी समोर जिवंत आहे, गावातली आहे, बाकावरची आहे, तिला कुठली म्हणून विचारतात. पडद्यावर आपलं माणूस दिसावं ही भूक मला कळते. ती माझीही आहे. पण आमच्याकडे पान वाढलं की आधी शेजारचा उठवायचा, अशी कुठली पंगत असते?

त्या सीझनचा शेवटचा भाग ऐन परीक्षेत आला. त्यात नीलू एका वस्तीच्या दारापाशी पोचते. दार म्हणजे एक यंत्र. ते विचारतं, तू कुठली? नीलू जन्मभर हाच प्रश्न टाळत आलेली. ती म्हणते, इथलीच. दार उघडतं. सगळ्या मालिकेचा जीव त्या एका शब्दात. श्रीनूने लिहिलं होतं, 'मी इथलीच आहे.' नाझनीनने वाचून मान हलवली. "असं कोण बोलतं बे? नीलू म्हणणार, हितलीच की." श्रीनूने लगेच खोडून तसं केलं. दाराचा प्रश्न माझा होता. तो मी आधीच बोलून ठेवला होता, जमेल तितक्या कोरड्या आवाजात.

ग्रुपवर मतं घेतली गेली. ही मतं कुणी मागितली, कुणी ठरवली, अजून कळलेलं नाही. निघालं असं की शेवटच्या भागात नीलू रेणुकाने बोलावी. तीच विणकरांतली, म्हणून. श्रीनू ओशाळून माझ्याकडे आला. "अक्का, मी नाही केलेलं हे. पण लोक ऐकेनात. तूच कर की एवढा एक." मी त्याला जे बोलले ते तेलुगूत बोलले आणि ते इथे लिहिता येणार नाही. आतून आईने दोनदा माझं नाव घेतलं.

वीज बंदच्या दिवशी नाझनीन आली. अब्बांचा टेम्पो कोपऱ्यावर उभा होता. ती शेडच्या उंबऱ्याशी थांबली. आईने सवयीने म्हटलं, "ये की, दारात काय उभारलीस?" ती आली नाही. पाच वर्षं, दहा वर्षं जे वाक्य संपायच्या आत ती आत असायची, ते वाक्य त्या दिवशी तसंच लोंबत राहिलं. जवळच गठ्ठ्यावर आमची पांघरायची निळी चादर पडली होती. तिच्या दशा ती बोटांनी चाळवत होती. दोन दशा घ्यायच्या, अंगठ्यावर धरायच्या, वळसा, ओढ. तीच गाठ. तिच्या लक्षातही नव्हतं.

"तू करणार नाहीस, ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "पण मी पण नाही करणार रेणु. मी बोलले की म्हणणार, तिला आपल्यात ओढली. नाही बोलले की म्हणणार, पळाली. राहू दे. रिकामी राहू दे."

आम्ही ती तशीच ठेवली. तो भाग आमच्या मराठीत बाहेर आला तेव्हा सगळे बोलत होते, फक्त नीलू नाही. तिचे ओठ हलतात आणि आवाज नसतो. माझा कोरडा आवाज विचारतो, तू कुठली? समोर ओठ हलतात. दार उघडतं. ग्रुप दोन दिवसांत फुटला. पेपरांच्या वेळी नाझनीन माझ्या पुढे बसायची. बाहेर आल्यावर आम्ही प्रश्नपत्रिकेबद्दल बोलायचो, फक्त प्रश्नपत्रिकेबद्दल. मग ती पुण्याला औषधांच्या कंपनीत लागली. ईदला माझा फोन, दिवाळीला तिचा. कशी आहेस, बरी आहे. मैत्री मोडली असं कुणी म्हणू शकलं नसतं, आणि ती होती असंही मला म्हणता येत नव्हतं.

आणि आता, पुन्हा परीक्षांच्याच दिवसांत, ही इस्त्रीची मराठी. कंपनीने सगळी मालिका रीतसर मराठीत आणली आहे. नव्या सीझनच्या चित्रात नीलू दोन छटा उजळली आहे, कुणी लग्नाआधी महिनाभर हळद चोळावी तशी. 'मी येथील रहिवासी आहे,' म्हणजे दारापाशी नाही, तहसील कचेरीच्या खिडकीपाशी उभी असावी. श्रीनू सांगत आला की जुने लोक परत जमलेत आणि सगळे एकच म्हणायलेत: ही आपली नीलू नाही, नीलूचा आवाज असा नव्हता, ती पहिली मुलगी कुठे आहे? "तो बार्शीवालापण, अक्का." मला हसू आलं नाही. एवढ्या वर्षांनी ते बरोबर बोलत होते, म्हणून जास्तच राग आला.

मी नाझनीनला तो तुकडा पाठवला. उत्तर आलं नाही. रमजानचे शेवटचे दिवस होते, ती घरी आलेली होती हे मला तिच्या अब्बांच्या टेम्पोवरून कळलं. पुढच्या वीज बंदच्या दिवशी, दुपारी, गल्ली गप्प असताना ती शेडच्या दारात उभी होती. एकटी, चालत आलेली. आई आत झोपली होती, म्हणून 'ये की' म्हणायला कुणी नव्हतं. मला सुचलं नाही. ती आपणच आत आली आणि गठ्ठ्यावर बसली.

श्रीनूने कोण काय म्हणतंय ते सगळं सांगितलं, भरभरून. ती ऐकत होती. मी पांघरायच्या त्या दोन्ही चादरी काढल्या. निळीच्या दशांच्या गाठी तशाच होत्या, इतक्या धुण्यांतून एकही सुटलेली नव्हती. तिने त्या पाहिल्या. मग श्रीनूने जुना भाग लावला. नीलू दारापाशी आली. माझा आवाज आला, तेव्हाचा, कोरडा, जराही न अडखळणारा: तू कुठली?

नाझनीनने बोट ठेवून तो तिथेच थांबवला.

"मी उत्तर नाही देणार," ती म्हणाली. "किती वेळा द्यायचं रेणु? तू प्रश्न बदल."

श्रीनू गडबडला. मुळात प्रश्नच आहे, तो काढला तर लोक चिरफाड करतील, मूळ मालिकेत ढवळाढवळ केली म्हणतील, असं तो सांगायला लागला. मी त्याच्या हातातून मोबाईल घेतला आणि दोन्ही चादरी डोक्यावरून ओढल्या. आत तोच सुताचा आणि खळीचा वास, तीच धग. काय बोलायचं हे ठरवलेलं नव्हतं. अंधारात मला नीलू दिसली, यानातून उतरलेली, थकलेली, दारापाशी खोळंबलेली. त्या दारात माझी आई असती तर काय म्हणाली असती, एवढंच डोक्यात आलं.

मी म्हटलं, "ये की. दारात काय उभारलीस?"

कोरडा आवाज काढायचं राहूनच गेलं. मग नाझनीनचा हात चादरीखाली आला, तिने मोबाईल आपल्याकडे ओढला, आणि जिथे ओठ हलतात तिथे, तशीच बाहेर बसून, ती म्हणाली, "आले."